जिप्सीचा तिसरा सिलिंडर आणि टेबलावरचे चार डबे

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ही मारुती जिप्सी नागपूरला माझ्या गॅरेजला आली ती दुसऱ्या गाडीच्या दोरीला बांधून. २००६ ची जिप्सी किंग, एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल मारणारी. मालक बुटीबोरीच्या एका कारखान्यात नोकरीला, वय तिशीच्या आत. शनिवार-रविवार ऑफरोड, वर्षातून दोन-तीनदा ऑटोक्रॉस, आणि बाकीचे दिवस याच गाडीनं ऑफिस. इंजिनवर आधीच काम झालेलं होतं: चार-दोन-एक हेडर (धूर बाहेर नेणाऱ्या खास नळ्या), पोर्ट केलेलं म्हणजे हवेच्या वाटा घासून मोकळ्या केलेलं हेड, व्हॉल्व्ह जास्त उघडणारा थोडा तेज कॅम. दोरी सोडायच्या आधीच तो म्हणाला, "दादा, पिस्टन गेला. आता फोर्ज्डच टाकायचे. बजेट कमी हाये, पण फोर्ज्डच."

बजेट किती, तर पार्ट आणि बाहेरचं मशीनचं काम धरून साठ हजार, माझी मजुरी वेगळी. बाहेरून मागवलेल्या चार फोर्ज्ड, म्हणजे ओतून नाही तर दाबून घडवलेल्या, पिस्टनचा संच शिपिंग आणि ड्युटी धरून सत्तर-ऐंशी हजारांत पडतो. म्हणजे सिलिंडर बोअर करायलाही, कोरून मोठे करायलाही, पैसे उरत नाहीत. मी त्याला एवढंच म्हटलं, की नवीन काय घ्यायचं ते जुना पिस्टन हातात आल्यावर ठरवू.

इंजिन उघडण्याआधी कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे कुठला सिलिंडर किती दाब धरतो ते मोजलं. पहिल्या सिलिंडरला १६८ पीएसआय, दुसऱ्याला १७२, तिसऱ्याला ९५, चौथ्याला १७०. तिसऱ्यात हवा सोडली तर ऑइल भरायच्या तोंडातून सुस्कारे. व्हॉल्व्ह ठीक होते, गळती खाली होती. टायमिंग लाइट लावली तेव्हा दुसरी गोष्ट कळली: मूळ टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ, कुणीतरी चार-पाच अंशांनी पुढे घेऊन ठेवलं होतं. असं केलं की गाडी खालच्या आरपीएमला चपळ वाटते, गिऱ्हाईक खूश होतो.

हेड उतरवलं, पिस्टन काढले. तिसऱ्याची वरच्या आणि दुसऱ्या रिंगमधली पट्टी जवळपास एक इंच तुटून गेली होती. क्राउनची, म्हणजे पिस्टनच्या माथ्याची, कड वाळूचा मारा केल्यासारखी खरबरीत. त्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर बारीक करडे ठिपके, मोहरीहून लहान. ते ठिपके म्हणजे पिस्टनचंच अ‍ॅल्युमिनियम.

मेलेला पिस्टन कसा मेला ते सांगतो, फक्त त्याला विचारावं लागतं. इंजिन मर्यादेबाहेर फिरवलं असतं तर तडा पिनच्या बॉसजवळ (पिन बसते ती जाड जागा) किंवा स्कर्टवर (पिस्टनचा खालचा घेर) दिसला असता. ऑइल कमी पडलं असतं तर स्कर्टच्या दोन्ही दाबाच्या बाजू घासून चमकल्या असत्या. नुसतं तापून पकडलं असतं तर पिनच्या दोन्ही अंगांना, चार कोपऱ्यांवर ओरखडे उमटले असते. इथे स्कर्ट स्वच्छ, पिन स्वच्छ आणि नेमकी रिंगची पट्टी तुटलेली. हे नॉकिंगचं काम. मिश्रण ज्योतीनं शांतपणे जळत जायच्या ऐवजी उरलेला कोपरा एकदम भडकतो, दाबाचा हातोडा बसतो, आणि वरच्या रिंगमागच्या फटीत शिरलेला तो दाब सगळ्यात बारीक जागा तोडतो. ओतीव पिस्टन तिथे ठिसूळ असतो.

आता प्रश्न असा, की टायमिंग चारही सिलिंडरना पुढे होतं, मग मेला तिसराच का? इंजेक्टर काढून बेंचवर लावले. तीन जवळपास सारखे, तिसरा ११ टक्के कमी पेट्रोल देत होता. जाळीत कचरा. त्या सिलिंडरला हवा पूर्ण, इंधन तोकडं. त्यात रेडिएटरच्या पापुद्र्यांत मागच्या पावसाळ्यातला चिखल वाळून बसलेला, अर्धी हवा बंद. आणि बाहेर नागपूरचं मे महिन्यातलं ४५ अंश.

इथे पेट्रोलबद्दल दोन ओळी, कारण गॅरेजवर येणारा प्रत्येक जण सगळा दोष ई-२० वर ढकलून मोकळा होतो. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला एका भागाला वजनानं साधारण १४.७ भाग हवा लागते. २० टक्के इथेनॉल असेल तर तोच आकडा १३.५ च्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर हे सांभाळून घेतो. पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे पाय पूर्ण दाबल्यावर, जुना ईसीयू (इंजिनाचा संगणक) सेन्सरचं ऐकत नाही, त्याच्या नकाशात लिहिलेला आकडा मारतो, आणि मिश्रण थोडं पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी. पण इथेनॉल स्वतः नॉकिंगला चांगलं तोंड देतं. त्यामुळे नुसत्या ई-२० नं हा पिस्टन तुटला नसता. चिखल, पुढे ओढलेलं टायमिंग, तुंबलेला इंजेक्टर, पातळ मिश्रण असे चार जण मिळून त्याच्यावर बसले होते.

हे सगळं मालकाला बाकड्यावर बसवून दाखवलं. तो म्हणाला, "मग फोर्ज्ड असता तर वाचला असता नं?" खरं उत्तर: बहुतेक, अजून काही महिने. फोर्ज्ड धातू लवचिक असतो, असा मार तो सोसतो. पण इंजेक्टर तुंबलेलाच राहिला असता, आणि पुढचा नंबर हेड गॅस्केटचा किंवा बेअरिंगचा लागला असता. हे काही त्याला फारसं पटलं नाही. त्या दिवशी तरी नाही.

मग हिशेब केला. जिप्सीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७४ मि.मी., स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ७५.५. हा मुलगा ६५०० आरपीएमच्या वर जात नाही, गेला तरी क्षणभर. ६५०० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १६.४ मीटर. वरच्या टोकाला पिस्टनला थांबवून उलटं फिरवताना गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २३०० पट ओढ बसते. पिन आणि रिंगांसकट साडेतीनशे ग्रॅमचा पिस्टन त्या क्षणी आठशे किलोचा होतो. ऐकायला भीती वाटते, पण चांगला ओतीव पिस्टन हे रोज सहन करतो, कारखान्यानं त्याच हिशेबानं बनवलेला असतो. टर्बो लावायचा असता, ७५०० च्या वर फिरवायचं असतं किंवा कॉम्प्रेशनचं गुणोत्तर (मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) ११ च्या पुढे न्यायचं असतं, तर मीच त्याला म्हटलं असतं की थांब, पैसे साठव, फोर्ज्ड घे.

शिवाय फोर्ज्ड म्हटलं की एकच वस्तू डोळ्यासमोर आणणं बरोबर नाही. त्यात दोन धातू जास्त चालतात. ४०३२ मध्ये साधारण १२ टक्के सिलिकॉन. तो कमी फुगतो, म्हणून सिलिंडरमध्ये बऱ्यापैकी घट्ट बसवता येतो. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळपास नाहीच. तो सगळ्यात चिवट, पण जास्त फुगतो, म्हणून मोकळा ठेवावा लागतो, थंड इंजिनात खडखडतो आणि त्याचे रिंगांचे खाचे लवकर झिजतात. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत २६१८ म्हणजे नवरदेवाच्या घोड्यावर भाजी आणायला जाणं.

घाट रोडवर एक अख्खी दुपार फिरलो. एका दुकानदारानं ठणकावून सांगितलं, "भाऊ, सगळे पिस्टन एकाच कारखान्यातून येऊन रायले, फक्त डबा बदलते." दुसऱ्यानं बलेनोच्या १.६ चे ७५ मि.मी.चे पिस्टन टाकायचा सल्ला दिला. हा जुगाड मी आधीही ऐकलाय. त्या इंजिनाचा स्ट्रोक ९० मि.मी. आहे, त्याच्या पिस्टनची पिनपासून क्राउनपर्यंतची उंची आपल्या ब्लॉकला जुळेलच याची खात्री नाही, आणि जिप्सीच्या अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकमधले बिडाचे स्लीव्ह अख्खा एक मिलिमीटर खाल्ल्यावर किती उरतात ते मला बघायचं नव्हतं. ०.५० ओव्हरसाइज, म्हणजे ७४.५० मि.मी., इथेच थांबायचं ठरवलं.

शेवटी टेबलावर चार पर्याय आले. खरे तर डबे दोनच, कारण कंपनीच्या मूळ संचाचं फक्त कोटेशन होतं, किंमत दुप्पट आणि ०.५० कधी येईल याची तारीख नाही. आणि ऑर्डरप्रमाणे फोर्ज्ड बनवून देणाऱ्याचा फक्त फोन होता, दहा आठवडे सांगत होता. ऊषा, गोएट्झे, इंडिया पिस्टन्स अशा इथे बनणाऱ्या नावांपैकी ज्यात ०.५० चा संच बाजारात हजर होता तो रिंगांसकट ९,४०० ला. दुसरा एक डबा चकचकीत, वर घोड्याचं चित्र, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, ३,८०० ला. दुकानदार ओळखीचा, न वापरता परत घ्यायला तयार, म्हणून दोन्ही घरी आणले.

स्वस्त डब्याला मी आधीच नापास केलं नव्हतं. मोजून पाहिलं. चार पिस्टनचं वजन २४८, २५२, २५७ आणि २५० ग्रॅम: नऊ ग्रॅमचा फरक. स्कर्टच्या व्यासात २५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पसारा. सगळ्यात महत्त्वाचं, कॉम्प्रेशन हाइट म्हणजे पिनच्या मध्यापासून क्राउनपर्यंतची उंची जुन्या पिस्टनपेक्षा अर्धा मिलिमीटर कमी. हे मोजायला महागडं काही लागत नाही; पिस्टन सपाट प्लेटवर उलटा ठेवायचा, पिनच्या भोकाच्या जवळच्या कडेपर्यंत उंची घ्यायची आणि पिनचा अर्धा व्यास मिळवायचा. पण गॅरेजमध्ये हे कुणी करत नाही, मीही पहिली दहा वर्षं केलं नाही.

अर्ध्या मिलिमीटरनं काय होतं ते आकड्यांत सांगतो. ७४.५० बोअरला एका सिलिंडरचं आकारमान ३२९ सीसी. वर उरणारी जागा ब्युरेटनं मोजली: हेडमधला खड्डा २९.८ सीसी, गॅस्केट ५.४, पिस्टन ब्लॉकच्या तोंडापासून ०.४ मि.मी. खाली राहतो त्याचे १.७, क्राउनच्या खळग्याचे ३.९. एकूण ४०.८, म्हणजे कॉम्प्रेशनचं गुणोत्तर ९.०७. बुटका पिस्टन टाकला की आणखी २.२ सीसी जागा उघडते आणि आकडा ८.६५ वर येतो. ताकद टक्का-दीड टक्का जाईल, ते सोसता येईल. पण क्राउन आणि हेड यांच्यातली फट १.६ वरून २.१ मि.मी. होते, कडेचं मिश्रण मधोमध ढकलणारा तो झपाटा मंदावतो आणि कोपऱ्यात मिश्रण रेंगाळतं. म्हणजे कॉम्प्रेशन कमी होऊनही नॉकिंगपासून हवी तेवढी सुटका नाही. ज्या रोगानं गाडी आली तोच रोग थोडा घरात ठेवायचा.

त्या डब्याला न्याय द्यायचा तर एक गोष्ट सांगायला हवी. दुरुस्तीसाठी बनलेले बरेच पिस्टन मुद्दाम बुटके ठेवतात. ज्या इंजिनाचं हेड आणि ब्लॉक तीन-तीनदा फेसिंग करून, म्हणजे तोंड घासून सपाट करून, उतरलेलं असतं, तिथे पूर्ण उंचीचा पिस्टन व्हॉल्व्हला भिडेल. तशा इंजिनाला हाच बरोबर. या जिप्सीचा ब्लॉक कधीच फेस झाला नव्हता, म्हणून तिच्यासाठी चूक. वजनातला नऊ ग्रॅमचा फरक मात्र कुठल्याच इंजिनासाठी बरोबर नाही.

९,४०० वाल्या डब्यातले २४४, २४५, २४४, २४६ ग्रॅम. उंची जुन्याइतकी, मिलिमीटरच्या पाच शतांशांत. स्कर्टवर काळा ग्रॅफाइटचा लेप होता. त्यावरून मायक्रोमीटर लावलं की लेपाची जाडीही मोजली जाते आणि सिलिंडर उगाच मोकळा होतो, म्हणून बनवणाऱ्यानं कागदावर लिहिलेलं मापच धरलं. हे मालकाला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "ठीक हाये दादा, पण मित्रांना काय सांगू, साधे टाकले म्हणून?" मी म्हटलं, "सांग, तोलून टाकले." हलका पिस्टन प्रमाण धरून जड असलेल्यांचा एक-दोन ग्रॅम आतून, पिनच्या बॉसच्या पायथ्याशी घासला. स्कर्टला हात लावला नाही.

बोअरचं काम हिंगणा एमआयडीसीत एका काकांकडे. त्यांचा हात मी वीस वर्षं पाहतोय. हेडच्या जागी जाड प्लेट बोल्टनं आवळून होनिंग, म्हणजे सिलिंडर आतून घासून नेमक्या मापाला आणणं, करून देणारे या भागात मोजकेच आहेत. बोल्ट आवळले की सिलिंडर किंचित वाकडा होतो, तो वाकडा असतानाच गोल केला तर हेड बसल्यावर गोल राहतो. त्याचे जास्तीचे पैसे दिले आणि ते अजिबात अंगावर आले नाहीत.

पण काकांकडे पत्र्याचं छप्पर, आणि दुपारी आत ४२ अंश. मापं २० अंशाला लिहिलेली असतात. ७४.५ मि.मी.चा पिस्टन २० वरून ४२ अंशांवर गेला की सुमारे ३३ मायक्रॉन फुगतो. स्लीव्ह बिडाचा, बाहेरून अ‍ॅल्युमिनियम ओढतंय, तरी तो २० च्या आसपासच फुगतो. फरक १२-१३ मायक्रॉनचा. पिस्टन आणि सिलिंडरमध्ये आपण फट ठेवणार ४० मायक्रॉन, त्यातला हा जवळपास तिसरा हिस्सा. दोन्ही गरम असताना ४० धरून होन केलं तर थंडीत ५२ होतात. उलट पिस्टन एसीच्या खोलीतून आणला आणि ब्लॉक उन्हात तापलेला असेल, तर इंजिन जॅम व्हायची वेळ येते. म्हणून मी काकांना विनवलं, की सकाळी सातला करू, ब्लॉक आणि पिस्टन रात्रभर एकाच खोलीत ठेवू.

"काय होते भाऊ एवढ्याशानं," ते हसले, पण आले सातला. एक, तीन, चार झाले आणि वीज गेली. आली ती साडेतीनला. दुसरा सिलिंडर दुपारी झाला, आणि मी तेव्हा हेडच्या कामाला सदरला होतो. काकांनी सवयीनं पिस्टन परत मोजला, तापलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बोअर गेज लावलं तर तीन सिलिंडर ४०-४२, दुसरा ५१. परत मोठा करायला साइज नाही, लहान करायला मार्ग नाही. अर्धा तास विचार केला आणि तसाच ठेवला.

रिंगा डब्यातून काढून तशाच घातल्या नाहीत. टोकांतली फट मिलिमीटरच्या २२-२४ शतांश निघाली. बोअरच्या दर इंचाला चार थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हा जुना नियम धरला तर या बोअरला ३० शतांश हवेत. या गाडीचा घाम लक्षात घेऊन वरच्या रिंगला ३३ ठेवले, दुसरीला ३८. दुसरीची फट मुद्दाम मोठी, म्हणजे वरून निसटलेला दाब दोन रिंगांमध्ये अडकून वरचीला उचलत नाही. पिस्टनवरचा बाण टायमिंग बेल्टकडे. पिन बरोबर मध्यावर नसते, किंचित एका बाजूला सरकवलेली असते. पिस्टन उलटा बसला तर इंजिन चालतं, पण आयुष्यभर टकटकतं.

हेड थोडं फेस केलं. खड्डा २८.४ सीसीवर आला, एकूण ३९.४, कॉम्प्रेशन ९.३५. मालकाला साडेदहा हवं होतं. नागपुरात, साध्या पंपाच्या पेट्रोलवर, मे महिन्यात, मी देणार नाही असं स्पष्ट सांगितलं.

उरलेले पैसे कुठे गेले ते सांगणं गरजेचं आहे, कारण स्वस्त पिस्टनचा अर्थ तिथे आहे. बोअर-होनिंग ६,५००. हेड आणि व्हॉल्व्ह सीट ८,०००. बेअरिंग, गॅस्केट संच, बेल्ट, ऑइल पंप १४,०००. रेडिएटर उघडून साफ ४,२००. इंजेक्टर साफ करून चारही जुळवणं २,४००. आणि १३,००० चा वाइडबँड मीटर, ज्यावर पूर्ण थ्रॉटलला मिश्रण डोळ्यांनी दिसतं. सगळं मिळून साडेसत्तावन्न. मीटरवर त्याची सगळ्यात जास्त कुरकुर झाली. आता गाडी चालवताना तो रस्त्यापेक्षा त्या मीटरकडे जास्त पाहतो.

टायमिंग मूळ जागी आणलं. पहिले ५०० किलोमीटर मिनरल ऑइल, काटोल रोडवर तिसऱ्या-चौथ्यात दाबायचं आणि सोडायचं, एका वेगानं रमायचं नाही. ८०० किलोमीटरला कॉम्प्रेशन १८४, १८१, १८३, १८२. प्लग काढले, एकावरही ठिपका नाही. माझ्याकडे डायनो, म्हणजे ताकद मोजायचं यंत्र, नाही, त्यामुळे अश्वशक्तीचा आकडा देत नाही. पावसाळ्यात ती उमरेडच्या बाजूला चिखलात दोन दिवस राबली. ऑइल खाल्लं नाही.

डिसेंबरच्या मधल्या आठवड्यात सकाळी सव्वासातला त्याचा फोन आला. पारा दहा-अकरावर होता. "दादा, सुरू केल्यावर टकटक येते. दोन मिनिटांत जाते. काय आहे?"

"दुसरा सिलिंडर आहे," मी म्हटलं. स्टेथोस्कोप न लावता. आणि वीज गेली होती ती दुपार त्याला सगळी सांगितली.